रांगेसमोरचा ग्रिलर

मित्रांनो, काचेच्या काउंटरमागे सतत वाफ सोडत असलेला हा जुना सँडविच ग्रिलर म्हणजे मी. खाली जाड लोखंडी तवा, वर तेवढंच जड झाकण आणि मागे दोघांना धरून ठेवणारी एक बिजागरी. एका छोट्या कारखान्यात मी घडलो. मला विकत आणलं दोघा भावंडांनी. ताई सँडविच भाजायची, तिचा धाकटा भाऊ गिऱ्हाइकं बघायचा. दुपारची गर्दी ओसरली की ताई मला बंद करायची, निवल्यावर ओल्या फडक्याने पुसायची आणि बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडायची. अशी अकरा वर्षं सुखात गेली.

मग एके दिवशी टीव्हीवाले आले. त्यांच्या कार्यक्रमात मी जेमतेम अर्धं मिनिट दिसलो. पण पुढच्याच आठवड्यापासून दुकानासमोर रांग लागली. लांबलांबून लोक यायचे, माझे फोटो काढायचे. सुरुवातीला मीही हुरळून गेलो. पण रांग काही संपेना. माझं निवणं थांबलं, तेल थांबलं. झाकण उघड, पाव ठेव, झाकण दाब. क्षणाची उसंत नाही. बिजागरीची खीळ झिजत चालली. वर उचललेलं झाकण थरथरत राहायचं आणि त्याखाली ताईची बोटं पाहून माझा जीव टांगणीला लागायचा. मी कुरकुरायचो, पण त्या गोंगाटात ऐकणार कोण?

एका रविवारी एक म्हातारं जोडपं सहा तासांचा प्रवास करून आलं. हौस आजींची होती. आजोबा निवृत्त फिटर. काउंटरपाशी पोहोचल्यावर आजी पदार्थांची पाटी वाचू लागल्या. आजोबा मात्र माझ्याकडेच कान देऊन उभे.

"बाई, हात काढ आधी!" ते एकदम ओरडले.

ताईने दचकून हात मागे घेतला आणि माझं झाकण धाडकन खाली आदळलं. पावाचा पार चेंदामेंदा झाला.

भावाचा चेहरा उतरला, पण नजर रांगेवरच होती. "ताई, आजचा दिवस कसंतरी निभावून ने. चाळीस माणसं उभी आहेत."

"भाजणारे हात माझे आहेत," ताई म्हणाली आणि तिने सरळ माझा प्लग उपसला.

रांगेत कुरबुर झाली. बरेचजण निघून गेले. मला निवायलाच तास लागला. आजोबांनी सांगितलेल्या मापाची खीळ भाऊ दोन दुकानं पालथी घालून घेऊन आला आणि आजोबा स्वतःच ती बसवू लागले.

"सहा तास बसमध्ये अंग आंबवलं ते तुमची ठोकाठोकी बघायला?" आजी करवादल्या.

"हात वाचला ना पोरीचा?" आजोबा मान वर न करता म्हणाले. आजींनी आजोबांचा चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला.

दुरुस्तीनंतरचं पहिलं सँडविच आजींना मिळालं. भावाने धास्तावून विचारलं, "टीव्हीवर दाखवलं तसंच आहे ना?"

"टीव्हीला वास कुठे येतो रे बाळा?" असं म्हणत त्यांनी अर्धं आजोबांपुढे सरकवलं.

रांग अजून लागते, अजूनही मला धाकधूक होते. पण आता दुपारी तासभर दार बंद असतं. मित्रांनो, तुम्ही कधी आलात आणि बंदची पाटी दिसली, तर काच ठोठावू नका. आत दोघं भावंडं समोरासमोर बसून दोन घास खात असतात.