मामाच्या दोन सह्या

या, बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, पलीकडची घ्या. ह्या साथीतलीच एक गोष्ट सांगतो, उंदीरमामाची. नावाला हसून घ्या आताच, पुढं हसायला फार जागा नाही.

मामा म्हणजे युनिव्हर्सिटीतल्या उंदरांच्या खोलीचा राखणदार. चारशे पांढरे उंदीर, प्रयोगासाठी पाळलेले. सव्वीस वर्षं मामा त्यांचा भुसा बदलतोय, दाणा टाकतोय, पाण्याच्या बाटल्या भरतोय. बायको म्हणायची, "माझी एवढी विचारपूस केली असती तर मी दहा वर्षांनी तरुण दिसले असते."

साथ आली आणि ऑफिसनं कागद चिकटवायला सुरुवात केली. लिफ्टमध्ये एकच माणूस. डबा भिंतीकडे तोंड करून खायचा, म्हणजे मोठमोठी माणसं शाळेत शिक्षा झाल्यासारखी बसलेली. सगळ्यात वाईट कागद तिसरा. कुणी खोकताना दिसलं तर या नंबरवर कळवा, कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहील, आणि ज्याची तक्रार येईल तो सात दिवस घरी. झालं! माणसं खोकला गिळायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं तरी चालेल, पण आवाज नको. कुणी शिंकला की दहा माना वळायच्या.

आणि चौथा कागद मामाच्या काळजावरच चिकटवलेला. ज्या खोलीच्या दारावर राखणदाराची सही सलग तीन दिवस दिसणार नाही, ती खोली रिकामी केली जाईल. रिकामी म्हणजे काय ते मामाला ठाऊक होतं. एकदा शेजारची खोली रिकामी करताना त्यानं पाहिलं होतं. चार दिवस जेवण गेलं नव्हतं त्याला.

आत जायचं तर सकाळी फोनवर प्रश्न. ताप आहे का, खोकला आहे का, घरी कुणी आजारी आहे का, वास येईनासा झालाय का. उत्तरं दिली की हिरवी खूण यायची, ती फाटकावर दाखवायची. मामाच्या अंगठ्याला सवय झाली होती, कुठं काय दाबायचं त्याची. सोमवारी एक प्रश्न वाढवलेला दिसला. मामानं त्यालाही 'नाही' दाबलं आणि निघाला.

फाटकावर साडू. हो, मामाचा सख्खा साडू, धाकट्या मेव्हणीचा नवरा. कंत्राटी वॉचमन. मामाचा फोन बघितला आणि दोन पावलं मागं सरकला.

"साडूभाऊ, लाल आलंय."

"कसलं लाल?"

"खूण. लाल म्हणजे घरी. मला नका बोलू, नियम आहे."

"अरे, मला काय धाड भरलीय? धडधाकट उभा आहे तुझ्यापुढं."

"वर कॅमेरा आहे हो. माझी नोकरी घालवता का?"

बोलला, पण नजर वर केली नाही. मामाच्या डोक्यात तिथंच किडा शिरला. शनिवारी भुशाची धूळ घशात गेली म्हणून तो ह्याच फाटकावर खोकला होता, दोनदा. साडूनं मान वर करून पाहिलं होतं आणि वहीत काहीतरी लिहिलं होतं.

मामानं ऑफिसला फोन लावला. क्लार्क म्हणाला, "मामा, मशीन ठरवतं. आमच्या हातात काही नाही."

"मशीनला सांगितलं कुणी?"

"ते गुप्त असतं."

मग काय राहिलं? मामा घरी येऊन कॉटवर बसला. "तुझ्या बहिणीच्या नवऱ्यानं केसानं गळा कापला माझा."

"काहीतरीच बोलू नका. त्याला काय मिळणार?"

"मी पर्मनंट, तो कंत्राटी. बारा वर्षं खुपतंय त्याला."

मंगळवारी पुन्हा लाल. साडू पुन्हा खाली बघून "नियम आहे" म्हणाला. आज तर घाईत होता, कधी एकदा मामा फाटकावरून हलतोय असं झालेलं. संध्याकाळी बायकोनं बहिणीला फोन लावला, उगाच भाजीपाल्याचं विचारायला. मामानं कान फोनला लावलेला.

"ताई, ह्यांचं काहीतरी बिनसलंय गं," मेव्हणी म्हणाली. "काल घरी आले ते थेट मोरीत. अर्धा तास हात घासत होते. कपडे बाहेरच काढले. जेवले नाहीत. म्हटलं काय झालं, तर म्हणाले, गप्प बस, ताईला काही बोलू नकोस."

मामानं बायकोकडं पाहिलं. बघ, पाणी मुरतंय की नाही? ज्यानं काही केलेलंच नाही, त्याला लपवायला काय झालं?

बुधवार तिसरा दिवस. बुधवारी दारावर सही नसली की संपलं सगळं. मंगळवारी रात्रीच मामा अंगणात गेला, फोन काढला आणि तो गुप्त नंबर फिरवला. "फाटकावरचा वॉचमन खोकतो. अंगही तापलेलं असतं." एवढंच. कंत्राटी माणसाला सात दिवस घरी बसवलं की एजन्सी त्याच्या जागी दुसराच घेते, हे मामाला माहीत होतं. माहीत असून केलं. फोन ठेवल्यावर बरंही वाटलं.

बुधवारी फाटकावर नवी वॉचमन बाई. मामानं पुन्हा लाल दाखवलं आणि हातच जोडले. "बाई, आज नाही सोडलं तर चारशे जीव जातील."

बाई धीराची. म्हणाली, "काका, माझ्यासमोर भरा बघू." मामानं भरलं. ती वाकून बघत होती. "थांबा! हे काय दाबलंत?"

"नाही. सगळ्याला नाही."

"अहो, शेवटचं वाचा की. 'मला कोणताही त्रास नाही.' तिथं 'हो' म्हणायचं. तुम्ही 'नाही' म्हणजे, त्रास नाही असं नाही. म्हणजे आहे!"

मामानं तीनदा वाचलं. मग 'हो' दाबलं. हिरवी.

पळत गेला. उंदीर मेले असणार, दोन दिवस पाणी नाही. दार उघडायला गेला आणि थबकला. दारावरच्या कागदावर सोमवारची सही होती. मंगळवारचीही. त्याचीच, वेडीवाकडी, फक्त 'मामा'मधल्या शेवटच्या 'मा'ला दोन काने दिलेले.

आत चारशेच्या चारशे जिवंत. बाटल्या भरलेल्या, दाणा तर लग्नाचं जेवण असल्यासारखा वाढलेला. कोपऱ्यात हातमोज्यांचे तीन जोड आणि साडूची वॉचमनची काठी, टोकाला उंदरांच्या दातांच्या खुणा. झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणारा माणूस तो. लांब उभा राहून काठीनं झाकणं सरकवली असतील. खोल्यांच्या चाव्या फाटकावरच्या केबिनमध्ये टांगलेल्या असतात. कळलं असतं तर तिथल्या तिथं कामावरून काढलं असतं त्याला.

मामा भुशाच्या पोत्यावर बसून राहिला.

संध्याकाळी साडूचाच फोन. "साडूभाऊ, माझी कुणीतरी तक्रार केली हो. मला ताप नाही, काही नाही. कोण असेल?"

मामा म्हणाला, "बघतो."

"तुम्ही गेलात ना आत? उंदीर बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"मग ठीक. ताईंना सांगू नका, मी उंदराला हात लावला ते. आमच्या घरात मला कुणी पंगतीला घेणार नाही."

तर आज शुक्रवार. सोमवारी एजन्सी दुसरा माणूस कायमचा लावणार. मामाला लिहिता येतं ते सहीपुरतं, आणि माझं अक्षर मलाच लागत नाही. तुम्ही चार बुकं शिकलेले. एक अर्ज लिहून द्या. तक्रार खोटी होती, ती मी केली, वॉचमनला कामावर घ्या, मला काय शिक्षा द्यायची ती द्या. खाली मामाचं पूर्ण नाव घाला. फक्त उंदरांच्या खोलीचं त्यात एक अक्षर येऊ देऊ नका. आणि आजच द्या हो लिहून, मामा बाहेर जिन्यात उभा आहे.