ह्यांची वर्दी

"अहो, कधी आलात?"

हे मी मोठ्यानं बोलले. सव्वीस जानेवारीच्या सकाळी, चारकोपच्या आमच्या सोसायटीच्या पटांगणात, सगळ्या बिऱ्हाडांसमोर. प्रसूतिगृहातली माझी आयाची रात्रपाळी संपवून मी फाटकातून आत शिरत होते आणि झेंड्याच्या खांबापाशी हे पाठमोरे उभे होते. तीच वर्दी, तीच ताठ मान, टोपी तशीच एका बाजूला ओढलेली. हातातली दुधाची पिशवी कधी सुटली ते कळलंच नाही.

ते वळले. तो देवेश होता, माझा धाकटा दीर.

"वहिनी?" एवढंच म्हणून त्याचं तोंड उघडं राहिलं. खुर्च्यांवरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नवऱ्याला मारायची हाक मी दिराला मारली होती, तीही चारचौघांत. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. पण 'गेले' हा शब्द मी तोवर मनातसुद्धा उच्चारला नव्हता. लष्कराचा ट्रक दरीत कोसळला, असं कळवलं. पेटी आली, ती उघडू नका म्हणाले. मी ह्यांचा चेहरा पाहिलाच नाही. तसेही हे लग्नापासून वर्षातले दहा महिने घरी नसायचे. तेव्हा हेही एक लांबलेलं पोस्टिंग, असं धरून मी चालले होते. कुणाला वेडेपणा वाटला तर वाटो, माझे दिवस त्यावर निघत होते. वर्दीची ट्रंक पलंगाखाली, कुलपात. मी ती कधी उघडली नाही. माणूस आल्यावर तोच उघडेल की!

"किल्ली कुणी दिली तुला?" मी विचारलं.

"आईनं."

सासूबाई पुढच्याच खुर्चीत डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. "माझो झील परत इल्यासारखो वाटलो गो," त्या म्हणाल्या. "ट्रंकेत कपडे कुजत ठेवूचे काय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हे आडव्या अंगाचे, देवेश काटकुळा. आणि वर्दी तर त्याच्या अंगावर शिवल्यासारखी बसली होती.

"ही तुला बसली कशी रे?"

"टेलरकडून फिटिंग करून घेतली ना. लूज होत होती. झकास बसली ना?"

"आत घेतलं की कापलं?"

तो खाली बघून म्हणाला, "बाजूनं थोडं कापलं, वहिनी."

ह्यांच्या अंगाचा आकार तेवढा त्या कापडात उरला होता आणि तो कुठल्यातरी टेलरच्या दुकानातून केराबरोबर गेला होता. वाटलं, तिथेच एक सणसणीत ठेवून द्यावी.

मी काही करायच्या आत रामनाथकाका पुढे आले. समोरच्या विंगमधले, निवृत्त सुभेदार. साध्या कोटावर डाव्या बाजूला स्वतःची पदकं. त्यांनी देवेशच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाळा, वर जा आणि कपडे बदल."

"काका, पाहुणे येतायत! कार्यक्रमाची वाट लागेल. कमिटीनंच सांगितलंय, दादाचा मान म्हणून."

"लागू दे वाट. वर्दी वारशानं मिळत नाही. घालायला मनाई आहे ते सोड, पण छातीवर भावाचं नाव लावून तू सॅल्यूट ठोकणार. तो सॅल्यूट कुणाचा?"

"मी काय परका आहे?" देवेशचा आवाज चिरकला. त्याला खरंच रडू येत होतं आणि त्याचा मला आणखीच संताप आला. "मग मान द्यायचाच नाही का त्याला?"

"द्यायचा ना. घरच्यांनी त्याची पदकं लावायची, आपल्या रोजच्या कपड्यांवर. पण उजवीकडे. डावीकडे फक्त ज्यानं मिळवली त्यानं. उजवीकडे दिसली की आम्ही समजतो, माणूस गेला, हे त्याच्या घरचे."

देवेशनं छातीच्या डाव्या बाजूची ह्यांची पदकं काढली, काकांच्या हातात दिली आणि जिना चढून गेला. खांबापाशी आता कुणी उभं नव्हतं. मघाशी मी ज्यांना हाक मारली ते कुठेच नव्हते.

"सुगंधा, तू लाव," काका म्हणाले.

"मला नको."

उजवीकडे लावायची म्हणजे सगळ्यांदेखत कबूल करायचं. तिकडे काही पोस्टिंग नाही, रजा नाही, कधी आलात म्हणून विचारायला कुणी नाही. काकांनी आग्रह केला नाही. तळहात पुढे करून ते नुसते उभे राहिले. शेवटी मीच पदकं उचलली. माझा हात आधी डावीकडेच गेला, तिथे पदर होता. हात खाली आणला. उजव्या बाजूला ब्लाउजच्या कापडात पिन शिरेना.

सासूबाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी माझ्या हातातून पदकं घेतली.

"हलू नको गो," त्या म्हणाल्या, आणि आपल्या मुलाची पदकं त्यांनी माझ्या उजव्या बाजूला नीट लावून दिली.