चिमणीची एकुलती एक रेकॉर्ड

"आजी, तुम्ही तर मेलात ना?"

हे मी विचारलं. शाळेच्या युनिफॉर्मच्या दुकानात, भर गर्दीत, मापं द्यायला आलेल्या सगळ्या आयांच्या देखत. पेन्सिल आणि भिंगरी, म्हणजे माझ्या दोन जिवलग मैत्रिणी, मोज्यांच्या कपाटामागे तोंडात रुमाल कोंबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. गेल्या वर्षीची मी असते तर पायरीवरूनच मागे फिरले असते. पण गाण्याच्या स्पर्धेत पहिल्या फेरीतून वर गेल्यापासून मला कुणाची भीतीच वाटेनाशी झालीय. आवाज घोगरा म्हणून सगळी शाळा मला 'भोंगा' म्हणते. म्हणू देत! भोंगा वाजला की सगळे कान टवकारतात.

बटणआजींनी मान वर केली. काजंबटणं त्याच करतात म्हणून त्यांचं हे नाव. दुकान त्यांच्या भाच्याचं. त्या कोपऱ्यात, दिव्याखाली बसतात आणि इतकं हळू बोलतात की समोरच्याला वाकावं लागतं.

"मेले होते खरी," त्या म्हणाल्या. "पण शाळा उघडायच्या दिवसांत इतकं काम असतं बाई, की मरून चालत नाही."

आया हसल्या. कपाटामागून भिंगरीचा फस्सकन आवाज आला. मग मी पाठीमागे लपवलेलं रेकॉर्डचं कव्हर पुढे धरलं आणि आजींचं हसू पुसलं गेलं.

कव्हरवर एक मुलगी. आखूड झगा, उंच बांधलेले केस, डाव्या भुवईत एक चीर. खाली लिहिलेलं: 'चिमणी आणि मंडळी'. माझ्या मामाला जुन्या रेकॉर्डींचं वेड आहे. एक दुकान बंद पडलं तिथून त्याने खोकंभर उचलून आणल्या, त्यात ही. इंटरनेटवर कुणीतरी दोनच ओळी लिहिल्या होत्या: साठच्या दशकातली गायिका, एकच रेकॉर्ड, अडुसष्ट साली बस दरीत कोसळून मृत्यू. पण भुवईतली ती चीर पेन्सिलने ओळखली. तिच्या स्कर्टचं बटण आजींनी लावलं तेव्हा ती तिने अगदी जवळून पाहिली होती ना!

"दुपारी ये," आजी म्हणाल्या. "एकटी ये. त्या कपाटामागच्या दोन बटाट्यांना घरी पाठव."

मागच्या खोलीत शर्टांचे ढीग होते, कोऱ्या कापडाचा वास होता. आजी बोलताना हात थांबवत नव्हत्या. सुई आत, सुई बाहेर.

त्या बिस्किटांच्या कारखान्यात पुडे बांधायच्या. जेवणाच्या सुट्टीत गायच्या. कारखान्यातल्याच चौघांनी गिटारी आणि ढोल जमवले आणि बँड झाला. एका रेकॉर्ड कंपनीच्या मालकाने ऐकलं, गाडी पाठवली. एका दुपारी एका बाजूचं गाणं, दुसऱ्या दुपारी दुसऱ्या बाजूचं. झालं.

"गाणं संथ होतं," आजी म्हणाल्या. "'गाडी चुकली तर चुकू दे.' मी आपली सावकाश गायले. मालक म्हणाला, लांबलंय फार, एवढं लांब गाणं रेडिओवाले लावत नाहीत. मी म्हटलं, एक कडवं काढा. तो म्हणाला, तू जा घरी, आम्ही बघतो."

"मग?"

"मग ते रेडिओवर लागलं. आमच्याकडे कुठला आलाय रेकॉर्डप्लेअर! न्हाव्याच्या दुकानाबाहेर उभी राहून ऐकलं. इतका बारीक, गोड आवाज! मला वाटलं, यंत्रातून असंच ऐकू येत असेल. नावही मालकानेच ठेवलं, चिमणी."

गाणं धावलं. मोठ्या हॉलचे कार्यक्रम ठरले. लोकांना रेकॉर्डसारखंच हवं, म्हणून बँडवाल्यांनी गिटारीच्या तारा ओढून रेकॉर्डशी जुळवून घेतल्या. आणि आजींचा आवाज तिथे पोचेना. चिरकला. दुसऱ्या हॉलमध्ये त्यांनी आपल्या पट्टीत गाऊन पाहिलं, तर लोक उठून ओरडायला लागले, ही खोटी आहे, खरी चिमणी आणा!

"मालक म्हणाला, रेकॉर्डवर तूच आहेस ना? मग गा की! काय उत्तर देणार? होतेच की मी. म्हणजे त्या दुपारी लागला होता आवाज, आणि नंतर गेला. घशाच्या डॉक्टरने सांगितलं, काही झालेलं नाही. मला वाटलं, त्यालाच कळत नाही."

मग कंपनीने दुसरी मुलगी उभी केली. बारीक आवाजाची, तसेच केस, भुवईत वस्तऱ्याने पाडलेली चीर. चिमणी म्हणून तीच गावोगाव गेली. बस कोसळली त्यात तीच होती.

"तिचं खरं नाव पेपरात आलंच नाही," आजी म्हणाल्या. "माझं नाव घेऊन मेली बिचारी." त्यांनी दोरा दाताने तोडला. "त्यानंतर मी गायले नाही. भाच्याला झोपवतानाही नाही. गेलेला आवाज उगाच कशाला चाचपायचा?"

त्या रात्री झोप कसली येतेय! दुसऱ्या दिवशी उजाडताच गिटार घेऊन मी थेट मामाकडे. रेकॉर्ड लावली आणि साथ धरायला गेले, तर काही केल्या सूर जुळेना. गिटारीवर बोट एक घर वर धरावं तर सूर कमी, त्याच्यापुढचं धरावं तर जास्त. गाणं दोन सुरांच्या मध्येच लटकलेलं.

"मामा, तुझं मशीन बिघडलंय."

"माझं मशीन? तुझे कान बिघडलेत, भोंग्या." पण त्याने ऐकलं आणि मशीनवर वाकला. मशीनच्या बाजूला वेग कमी-जास्त करायचा एक दांडा असतो. तो त्याने हळूच खाली ओढला. ढोल जड झाला. गिटार सुराशी येऊन बसली. आणि त्या चिवचिवाटातून एक बाई बाहेर आली. भरदार, रुंद, थोडी घोगरी. माझ्यासारखी!

"टेप पळवलीय गं यांनी," मामा म्हणाला. "गाणं छोटं करायला वेग वाढवला, म्हणून आवाजही वर गेला. रेकॉर्डवरच्या त्या उंच पट्टीत ती कधी गायलीच नाही."

मी उड्या मारल्या, अक्षरशः! जिन्यावरून मशीन खाली उतरवायला मामाला इतकी घाई केली की त्याची चप्पल तिथेच राहिली. माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. आजी ऐकतील, रडतील, मला मिठी मारतील, पुढच्या महिन्यात शाळेत कार्यक्रम, पेन्सिल निवेदन करेल.

मागच्या खोलीत शर्टांचा ढीग बाजूला सारून आम्ही मशीन ठेवलं. दांडा खाली, सुई रेकॉर्डवर.

आजींचे हात थांबले. गाणं संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

"हा माझा आवाज," त्या म्हणाल्या.

"हो ना आजी! तुमचा आवाज गेलाच नव्हता! त्यांनीच टेप जास्त वेगाने पळवली!"

"गेलाच नव्हता."

"नाहीच मुळी!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं, काहीच नव्हतं. "मग मी गप्प कशाला बसले गं?"

मी मामाकडे पाहिलं. तो मशीनची वायर गुंडाळायला लागला.

"आत्ता गा ना," मी म्हटलं. किती मूर्ख असावं माणसाने! "तुमच्या पट्टीत. मी साथ धरते."

मी गिटारीवर पहिला सूर दिला. आजींनी मान ताठ केली, हात मांडीवर ठेवले, श्वास घेतला. तोंड उघडलं. आतून नुसती हवा आली. पुन्हा श्वास घेतला. या वेळी एक खरखर आली, मधेच तुटली, आणि त्या खोकायला लागल्या. मी पाणी दिलं. त्यांनी घोटभर घेतलं.

"आता खरंच गेलाय," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं समजत होते, देवाने नेला. ते बरं होतं. देवाशी कोण भांडणार?"

त्यांनी रेकॉर्ड कव्हरात घालून माझ्या हातात दिली. "घेऊन जा. इथे नको." मग ढिगातला वरचा शर्ट ओढला आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. तो ओवला जात नव्हता. मी हात पुढे केला तर त्यांनी शर्ट माझ्यापासून लांब धरला.

घरी आले तर दारातूनच माझा आवाज ऐकू आला. म्हणजे, माझा म्हणायचा. स्पर्धेच्या पुढच्या फेरीसाठी बाबांनी मला स्टुडिओत नेलं होतं आणि तिथल्या काकांनी कॉम्प्युटरवर माझं गाणं थोडं वर सरकवून दिलं होतं. 'गोड लागेल' म्हणून. परवा ते ऐकून मीच घरभर नाचले होते. आज बाबा ते फोनवरून आत्याला ऐकवत होते. "ओळखूच येत नाही ना आपला भोंगा?"

"बाबा, फोन ठेवा. आई, तूही ये बाहेर."

आई हात पुसत आली. "काय झालं? रडलीयस का?"

"हे रेकॉर्डिंग मी पाठवणार नाही."

"अगं, उद्या शेवटची तारीख!"

"माहितीये. मी आत्ता आत जाऊन माझ्या फोनवर गाणार आहे, माझ्या पट्टीत, आणि तेच पाठवणार आहे."

"निवड होणार नाही तुझी," बाबा म्हणाले. रागाने नाही, काळजीनेच.

"नाही होणार बहुतेक," मी म्हटलं. माझा आवाज फाटला, पण मी तो सावरला नाही. "पण बाबा, उद्या कुणी मला म्हणालं ना, की रेकॉर्डवर तूच आहेस, मग गा की, तर मला गाता आलं पाहिजे. दार लावून घेते. मधे कुणी येऊ नका."