भागूबाईचं प्रकरण

राहात्याजवळच्या वाडीत भागूबाई सुईणीच्या दारात चष्मेवाले पाहुणे उतरले, तेव्हा तिला वाटलं, आले कुटुंबनियोजनाचे ऑपरेशनवाले. एकाहत्तर साल होतं, असली माणसं गावोगाव फिरत होतीच. पाहुण्यांनी तोंड उघडायच्या आत तिने सांगून टाकलं की ऑपरेशनला बायका आणून द्यायचं काम आपण कधीच सोडलंय.

पाहुणे होते लेखक सूर्यभान कडलग. नाटकांपासून पोरांच्या गाण्यांपर्यंत सगळं लिहिणारे. राजे, संत, शास्त्रज्ञ यांची त्यांची चरित्रं एसटी स्टँडवरसुद्धा हातोहात खपायची. आता त्यांना साध्या माणसांचा इतिहास लिहायचा होता. माणसं कशी जन्मली, काय खात होती, कशी नांदली.

"जन्माचं तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार, आजी?" ते म्हणाले.

चाळीस वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मग भागूबाई तीन दिवस बोलत राहिली. पायाळू मूल कसं सोडवायचं हे तिच्या सासूने, छबूबाईने, शिकवलं होतं. ते तर तिने चिंध्यांची बाहुली करून दाखवलं. कडलग वहीत उतरवून घेत होते आणि त्यांचा चहा दरवेळी गार होत होता.

वर्षाने निरोप आला की पुस्तक छापून झालंय आणि त्यात भागूबाईचं मोठं प्रकरण आहे. 'प्रकरण' म्हटल्याबरोबर तिला पोलिसातलं प्रकरण वाटलं. आता कोर्टकचेरी होणार म्हणून दोन दिवस तिला घास गिळेना. शेवटी दवाखान्यातल्या नर्स सुमनबाईंनी समजावलं, की पुस्तकाच्या भागालाच प्रकरण म्हणतात.

वाचनालयात प्रकाशन ठरलं. सुमनबाई ते प्रकरण मोठ्याने वाचू लागल्या. छबूबाईचं नाव आलं तशी भागूबाईने पदर डोळ्यांना लावला. पण पायाळू मुलाचं आलं, आणि ती उठून उभी राहिली.

"आसं न्हाई. पाय धरून वढायचं न्हाई कदी. पोर आपसूक कमरेपत्तुर येऊ द्यायचं. ह्ये वाचून कुनी वढलं, तर पोर हातचं जाईल."

अध्यक्ष काकासाहेब तिला खाली बस म्हणून खुणावू लागले. सुमनबाई मात्र म्हणाल्या की आजींचंच बरोबर आहे.

कडलगांनी खिशातलं पेन काढलं. टेबलावरच्या सगळ्या प्रती पुढे ओढून एकेकीतली ती ओळ खोडली आणि वर भागूबाईने सांगितलेली लिहिली.

"इतकी चरित्रं लिहिली," ते म्हणाले, "पण ज्याच्यावर लिहिलं त्यानंच समोर उभं राहून चूक दाखवावी, हे भाग्य आज लाभलं."

मग बायकांतून मनकर्णाने भीत भीत विचारलं, की माझ्या जन्माच्या वेळी कसं झालं होतं? भागूबाईने सांगितलं. लगेच दुसरीने विचारलं, मग मागच्या पुरुषांनीही. भाषणं राहिली बाजूला. अखेर काकासाहेबांनाही राहवेना.

"तुमी बाजाराच्या दिशी, बैलगाडीत," भागूबाई म्हणाली. "आलात ते वरडतच. आजून थांबला न्हाईत."

सगळं वाचनालय हसलं आणि सर्वांत मोठ्याने हसले ते काकासाहेब. कडलगांनी पिशवीतून नवी वही काढली आणि भागूबाईशेजारी सतरंजीवर येऊन बसले.