ओ आल्याशिवाय

“शिव्या किती आहेत तेवढं पाहा,” मुख्याध्यापक सुहास सर शालूबाईंना म्हणाले. “आणि या वयाच्या मुलींनी ऐकावं असं आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा.”

कुसगावच्या मुलींच्या वसतिगृहात शालूबाई रेक्टर होत्या. दहावीच्या मुलींना स्नेहसंमेलनात एका बँडच्या नव्या रॉक अल्बमवर नाचायचं होतं. सरांना त्या संगीतातलं काही कळत नव्हतं. उद्या एखाद्या पालकाने ओरड केली तर बोट दाखवायला कुणीतरी हवं, एवढं मात्र बरोबर कळत होतं.

दुपारी जेवणाच्या खोलीत चैतालीने स्पीकर मांडला. दहावीतली ही मुलगी गाणीबिणी, फोटोबिटो सगळं बघायची. मुली गोल करून बसल्या. शालूबाई ताटात तांदूळ निवडत ऐकू लागल्या. पहिली गाणी म्हणजे पत्र्यावर गारांचा मारा. एका गाण्यात सणसणीत शिवी आली, तशा सगळ्याजणी त्यांच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

“बगता काय? आमच्या गावात ही बैलालाबी रोज पडती,” शालूबाई म्हणाल्या. “पर ह्ये गानं न्हाई लावायचं. पुढचं लाव.”

शेवटच्या गाण्यात वाद्यं एकदम थांबली आणि गाणारीने लांबलचक हाक मारली, “आयेऽऽऽ!” मग नुसती शांतता.

“ओऽऽऽ!” शालूबाई ओरडल्या. मांडीवरचं ताट घसरलं, तांदूळ फरशीभर झाले. मुली हसून लोळायला लागल्या.

“मावशी, गाण्याला कुणी ओ देतं का?”

“सवय हाय गं,” त्या म्हणाल्या आणि खाली बसून तांदूळ गोळा करू लागल्या.  तो आवाज त्यांच्या लेकीचा, तेजलचा होता; आधीच्या गोंगाटात तो ओळखू आला नव्हता.

आंदर मावळातलं त्यांचं गाव खिंडीच्या खाली. शाळेतून परत येईपर्यंत अंधारून यायचं. खिंडीत उभं राहून घरच्या माणसाला हाक मारायची आणि खालून ओ आल्याशिवाय उतरायचं नाही, ही गावची रीत. एकदा शालूबाई ओढ्यावर होत्या, तर पोर थंडीत कुडकुडत तिथेच उभी. ओ ऐकली तेव्हाच तिने पाऊल उचललं.

तेजल कॉलेज सोडून बँडमध्ये गेली, तेव्हा शालूबाईंनी तिला बजावलं होतं, “असली गानी घिऊन माज्या दारात यायचं न्हाई.” पोर शब्दाची पक्की. त्या दिवसापासून आली नाही. शालूबाईंचा जीव तिच्यासाठी तुटत होता, पण फोन आपण का करायचा? ताठा काही पोरीने बाहेरून आणला नव्हता.

संध्याकाळी सरांनी विचारलं, “मग? काय ठरलं?”

“त्ये शिवीचं सोडलं तर समदी गानी चांगली हायती. ऐकू द्या पोरींना.”

“आणि ती शेवटची किंकाळी? माझ्या ऑफिसपर्यंत ऐकू आली.”

“किंकाळी न्हाई सर ती. घरी येऊ का, म्हून इचारतीया पोर.”

सरांना काही उमगलं नाही. तरी त्यांनी मान डोलावली.

संमेलनाच्या सकाळी मांडव गच्च भरला होता. ते गाणं लागलं. वाद्यं थांबली, हाक आली आणि मांडवातल्या सगळ्या मुलींनी एका दमात ओ दिली. शालूबाईंनीही दिली. चैतालीने ते फोनवर टिपून घेतलं.

कार्यक्रम उरकल्यावर शालूबाईंनी तिला बाजूला घेतलं. “ह्ये त्या गानारीला धाडता यील का गं?”

“येईल की. आजच पाठवते.”

“येवढ्या पोरींत माजी ओ वळखंल ती?”

चैतालीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.  त्यांना वसतिगृहामागच्या मोकळ्या जागेत नेलं आणि फोन समोर धरला.

“मावशी, आता एकट्याच द्या.”

शालूबाईंनी पदर सारखा केला. आंदर मावळाकडच्या डोंगरांकडे तोंड केलं. घसा खाकरला, पुन्हा खाकरला. आवाज फुटेना.

“थांब वाईच,” त्या म्हणाल्या.

चैताली फोन धरून उभी राहिली.