दाराची आतली बाजू

गाईडने आईच्या हातातली काठी अलगद काढून घेतली आणि लोखंडी जिन्याच्या कठड्याला टेकवून ठेवली.

"आत काठी अडकते, मावशी. माझा हात धरा."

आईने हात धरला. लेकीच्या कपाळाला आठी पडली. सकाळपासून आई तिचा हात झिडकारत होती, 'मी काही पडत नाही' म्हणत होती. आणि या परक्या माणसाचा हात मात्र तिने निमूटपणे धरला. गाईड साठी उलटलेला, आखूड मानेचा, एका पायाने किंचित लंगडणारा. इतरांना तो 'चला, चला, मागचे खोळंबलेत' असं हाकत होता. आईपाशी मात्र त्याला कसलीच घाई नव्हती. आणि तो आईच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला, हे लेकीने टिपलं.

टिपणं हा तिचा धंदाच होता. आग लागलेल्या दुकानांची, गोदामांची पाहणी करायची आणि आग लागली की लावली, हे विमा कंपनीला सांगायचं. तारेने पेट घेतला म्हणणारा मालक आणि रॉकेल ओतून आलेला मालक सारखाच रडतो, हे तिला पुरतं ठाऊक झालं होतं. 'ही चहातल्या साखरेचीसुद्धा जबानी घेते,' असं तिचा नवरा पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे हसायचे, आणि तो हसत नसायचा.

पाणबुडी किनाऱ्यावर सिमेंटच्या ओट्यांवर चढवून ठेवली होती. कुशीत दार कापून तिथे जिना लावलेला. आत शिरताच तेलाचा, रबराचा आणि जुन्या रंगाचा मिसळलेला वास आला. दोन्ही बाजूंना नळ्या, चक्रं, घड्याळासारख्या तबकड्या. माणसाने चालायचं ते उरलेल्या फटीतून. याच बोटीवरून दादा घरी आला की हातपाय पसरून जमिनीवर झोपायचा, ते आता तिला कळलं. तेव्हा ती शाळेत होती. दादा शेवटचा आला त्या वेळी तिने त्याच्या अंगावरून उडी मारली होती आणि आई ओरडली होती.

पाणबुडी निवृत्त होऊन इथे आली, बाहेर स्मारक उभं राहिलं, तेव्हापासून आईला यायचं होतं. बाबा टाळत राहिले. कधी गुडघे, कधी गर्दी, कधी 'समुद्राची हवा मला मानवत नाही'. समुद्राची हवा न मानवणारा हा माणूस आयुष्यभर रंगाच्या वाफा हुंगत आला होता. तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात आई म्हणाली, "आता कोण अडवणार आहे? तू?"

त्यामुळे त्या आल्या होत्या. कोण आहोत हे तिकिटाच्या खिडकीवर सांगायचं नाही, असं लेकीने आईला बजावलं होतं.

"का गं? आपण काय चोर आहोत?"

"सांगितलं की खुर्च्या देतील, पाणी देतील आणि गोड गोड बोलतील. लोकांना रोज काय सांगतात ते मला ऐकायचंय."

गाईड एका जाड लोखंडी दाराशी थांबला. दार लंबगोल होतं, उंबरा गुडघ्याएवढा. अर्धवट उघडं ठेवून ते साखळीने बांधलेलं.

"या पलीकडच्या कप्प्यात बॅटऱ्या होत्या," तो म्हणाला. "बोट पाण्याखाली असताना इथे आग लागली. धूर पुढे आला असता तर बोटीतला एकही माणूस वाचला नसता. दार बंद करायचा हुकूम आला. दाराशी मी होतो. मी बंद केलं."

कोणीतरी 'च्च' केलं. एका बाईने आपल्या मुलीला जवळ ओढलं.

"आत कोणी होतं?" एका माणसाने विचारलं.

"तिघं. त्यांची नावं बाहेर दगडावर आहेत."

"मग ते... म्हणजे, दार वाजवलं वगैरे?"

"नाही. बॅटरीचा धूर फार विषारी. दोन श्वासांत शुद्ध जाते. आतून काही आवाज आला नाही." तो थांबला, आणि आईकडे न बघता, पण आईला नीट ऐकू जाईल असं, पुन्हा म्हणाला, "काहीच आवाज आला नाही."

खरं सांगणारा माणूस एकदा सांगून गप्प बसतो. लेकीच्या मनात ते दुसरं वाक्य काट्यासारखं रुतलं. शिवाय जो माणूस 'दार मी बंद केलं' हे अनोळखी लोकांसमोर सरळ सांगतो, तो पुढे नेमकं काय सांगताना अडखळतो?

घोळका पुढे सरकला. स्वयंपाकाच्या चिंचोळ्या खोलीत आई एका स्टुलावर टेकली.

"तू बघून ये. मी बसते इथे. इथेच जेवायचा ना गं तो?"

"असेल."

"एवढ्याशा जागेत भांडी घासायला कोपरसुद्धा हलत नसेल."

लेक मागे फिरली. दाराचा उंबरा ओलांडून ती बॅटऱ्यांच्या कप्प्यात गेली आणि दाराच्या आतल्या बाजूसमोर उकिडवी बसली. धुरात सापडलेला माणूस उभा राहत नाही, हे तिला माहीत होतं. धूर वर जातो, श्वास घेण्याजोगी हवा शेवटपर्यंत जमिनीलगत राहते. माणूस रांगत दाराशी येतो. जळलेल्या घरांत खुणा सापडतात त्या गुडघ्यापासून कमरेपर्यंत.

पर्समधून तिने कामाचा छोटा टॉर्च काढला आणि उजेड दाराला समांतर धरला. वरच्या भागात रंगाचे पापुद्रे दिसले, ब्रशचे ओघळ दिसले, गंजाचे फुगे दिसले. खाली मात्र, बरोबर त्या उंचीवर, दार काचेसारखं गुळगुळीत होतं.

टॉर्चच्या बुडाला लोहचुंबक होतं. तिने तो वर लावला; खटकन चिकटला. खाली लावला, तो घसरून तिच्या तळहातावर पडला. दुसरीकडे लावला, पुन्हा पडला. ही युक्ती तिला कोणत्याही कंपनीने शिकवलेली नव्हती. बाबांचं गाड्यांचे पत्रे ठोकून रंगवायचं वर्कशॉप होतं. जुनी गाडी दारात आली की ते खिशातून चुंबक काढून तिच्या अंगावरून फिरवायचे. 'जिथे धरत नाही तिथे पुट्टी. आणि जिथे पुट्टी तिथे गाडी ठोकलेली.'

"ताई, तिथे हात लावायला मनाई आहे."

गाईड उंबऱ्यापलीकडे उभा होता. घोळका पुढे गेला होता. पेरिस्कोपला डोळा लावायला नंबर लागल्याचा गलका ऐकू येत होता.

"इथे पुट्टी का भरली आहे?"

"दर दोन वर्षांनी रंगकाम होतं."

"रंगकाम सगळ्या दाराला करतात. हे फक्त इथे, एवढ्याच भागात आहे." ती उठली. "लोकांनी काय झाकलंय ते शोधायचे मला पैसे मिळतात. खाली काय आहे?"

त्याने मागे वळून घोळक्याच्या दिशेने पाहिलं.

"बोला ना. मघाशी एवढं धडाधड बोलत होतात."

"तुम्ही त्याच्या धाकट्या बहीण ना?" तो म्हणाला.

तिच्या हातातला टॉर्च विझला की तिनेच विझवला, ते तिला कळलं नाही.

"आईंना जिन्यावरच ओळखलं मी. त्याची हनुवटी तशीच होती."

"म्हणून ते दोनदा सांगितलंत. आवाज आला नाही म्हणून."

"हो."

"म्हणजे आला होता."

गाईडने दाराच्या कडेवर हात ठेवला.

"पाना होता त्यांच्याकडे," तो म्हणाला. "पान्याने ठोकत होते. मी इथे, या बाजूला, हँडल धरून. सोडलं असतं तर... दार मी बंद केलं हे मी कधी लपवलं नाही, ताई. चौकशीत सांगितलं, बायकोला सांगितलं, इथे रोज सांगतो. आवाजाचं तेवढं सांगत नाही."

"आणि खुणा पुट्टीने बुजवल्यात. म्हणजे कोणी विचारायलाच नको. कोणाच्या सांगण्यावरून? वरच्या साहेबांच्या?"

"तुमच्या वडिलांच्या."

"काहीतरीच! बाबा इथे कधीही आलेले नाहीत."

"बोट इथे आणली तेव्हा आत रंगारी लागले होते. एक गृहस्थ आधी सगळी दारं नुसती बघून गेले, दुसऱ्या दिवशी परत आले ते हातात पत्र्याचा डबा, पॉलिश पेपरचं बंडल. म्हणाले, मी गाड्यांचं काम करतो, मला एक दार द्या. मला वाटलं, बिचारा कामाच्या शोधात आलाय. मग नाव सांगितलं त्यांनी. मी पाय धरायला वाकलो तर म्हणाले, उजेड अडतोय, बाजूला व्हा."

हे मात्र अगदी बाबांचं बोलणं होतं. तरी तिने ते लगेच मानलं नाही. रचून बोलणारे लोकसुद्धा एखादं वाक्य असंच अचूक रचतात.

"जितके दिवस लागले तितके दिवस बसले, तुम्ही आता बसला होतात तिथेच. आधी प्रत्येक खळग्यावर बोट ठेवायचे, मग भरायचे. वाळलं की घासायचे, पुन्हा भरायचे. माझ्याशी चकार शब्द नाही. जाताना म्हणाले, 'त्याची आई एक ना एक दिवस येणार. किती दिवस थोपवू मी तिला? आली की सांगा, आवाज आला नाही.'"

"आणि मी आले तर?"

"मी विचारलं ते. म्हणाले, 'तिला सांगावं लागणार नाही.'"

ती परत खाली बसली. या वेळी टॉर्च न लावता तिने डोळे मिटले आणि बोटांची टोकं दारावरून फिरवली. वरून खाली, मग आडवी. पुट्टी कुठे सुरू होते आणि लोखंड कुठे संपतं, ती कड ती शोधत होती. वर्कशॉपमधली पोरं काम दाखवायला आणत तेव्हा बाबा असेच डोळे मिटून हात फिरवायचे. कड लागली की काम परत. तिने पुन्हा एकदा हात फिरवला. कड कुठेच लागली नाही.

गाईड लंगडत पुढे निघून गेला. ती दाराला कपाळ टेकून बसली. पेरिस्कोपकडून कोणीतरी 'मला दिसलं, मला दिसलं' म्हणून ओरडलं.

बाहेर उन्हाने डोळे दिपले. स्मारक म्हणजे समुद्राकडे तोंड केलेली काळ्या दगडाची बुटकी भिंत, तीवर तीन नावं. आईने दादाच्या नावावरून बोट फिरवलं, एका अक्षरात अडकलेली वाळू फुंकून काढली, आणि भिंतीलगतच्या बाकावर बसली. लेक शेजारी बसली.

"त्याला काय विचारत होतीस?"

"कोणाला?"

"त्या गाईडला. मला ऐकू कमी येतं, दिसतं नीट."

"दाराचं विचारत होते. रंगाचं."

"मग?"

लेकीने समुद्राकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने खोटा अहवाल एकही दिलेला नव्हता. शेजाऱ्यांसाठी नाही, नात्यातल्यांसाठी नाही. एकदा तर सख्ख्या दिराचं दुकान होतं, तो अजून बोलत नाही.

"काही नाही. साधा रंग आहे. आत काही खुणाबिणा नाहीत."

"आवाज आला नाही म्हणाला तो."

"नाहीच येत, आई. त्या धुरात माणसाला कळतसुद्धा नाही. मी रोज बघते ना."

"तू बघितलंस म्हणजे झालं," आई म्हणाली. तिने चप्पल काढून तळपाय उन्हात धरले.

"तुझे बाबा एकदा लग्नाला गेले होते," ती म्हणाली. "कोणा मित्राच्या मुलीच्या. मला म्हणाले, तू येऊ नकोस, फार आडगाव आहे. मी म्हटलं, बरं. परत आले ते नखांत पुट्टी घेऊन. अंगाला रंगाचा वास. आता लग्नात कोणाची गाडी ठोकली होती, देव जाणे."

लेकीची मान वळली. आईचं तोंड उन्हाकडे होतं, डोळे बारीक केलेले.

"तू विचारलं नाहीस?"

"विचारणार होते. पाणी तापवलं, हात धुवायला साबण दिला, म्हटलं जेवणं होऊ देत." आईने पायावरची वाळू झटकली. "पण दादा गेल्यापासून रात्र-रात्र जागे असायचे गं ते. आणि त्या दिवशी जेवले आणि पडल्या पडल्या घोरायला लागले. मी म्हटलं, झोपलाय माणूस. झोपू दे."