मांडीवरचा डबा

रक्त जोरात हलवलं की त्यातल्या तांबड्या पेशी फुटतात. परीक्षेत यावरच्या प्रश्नाला मला वीसपैकी अठरा मार्क होते. तरी तो धडा मी खऱ्या अर्थाने शिकले ते मेडशी-वाशीम एसटीत.

बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला चार महिने लॅबमध्ये काम करावं लागतं, त्याला प्लेसमेंट म्हणतात. तिथलं प्रमाणपत्र मिळालं तरच डिग्री. मला वाशीमची लॅब मिळाली. दर मंगळवारी मेडशीला जायचं, तिथल्या दवाखान्यातले पवनदादा लोकांचं रक्त काढून ठेवायचे, त्या नळ्या थंड डब्यात घालून एसटीने आणायच्या. मला हे हमालाचंच काम वाटायचं, आणि मी ते तसंच करत होते.

पहिल्या दोन्ही मंगळवारी नळ्या खराब निघाल्या. रक्त खाली बसल्यावर वर पिवळसर पाणी दिसायला हवं, ते पेशी फुटून लालभडक. अशा रक्तात पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं, म्हणून रिपोर्ट देता येत नाही. लॅबचे मोहनसिंग सर शांतपणे म्हणाले, "राखी, त्या लोकायले आता तिसऱ्यांदा टोचा लागन. या खेपेलेही असंच झालं, तं तुमचं प्लेसमेंट बंद."

माझं डोकंच फिरलं. तिसऱ्या मंगळवारी मेडशीला जाऊन मी सगळा राग पवनदादांवर काढला. तुमच्या बारीक सुईनेच पेशी फुटतात, तुमचा हात जड, काय वाट्टेल ते बोलले. नाचता येईना अंगण वाकडं! ते बिचारे मान खाली घालून समोर बसलेल्या म्हाताऱ्या फुलचंदबाबांची शीर शोधत राहिले. बाबांच्या दोन्ही हातांवर आधीचे काळेनिळे डाग होते. "पोरी," बाबा म्हणाले, "या टायमाले तरी नीट ने व."

एसटीत मी नेहमीसारखी मागच्या सीटकडे निघाले. तिथे गर्दी नसते, डबा शेजारी ठेवून झोप काढता येते. पुढे ड्रायव्हरच्या मागे प्रयागबाई बसल्या होत्या. दर मंगळवारी त्या वाशीमला अंडी विकायला जातात.

"मांग कायले जाऊन राह्यली व? काय हाय त्या डब्यात?"

"रक्त आहे मावशी. तपासायला नेतेय."

"रक्त! अन् मांगच्या सीटवर? मी अंडे तरी ठेवतो का तिथं? चाकावरची सीट हाय ते, माणूस उडते तिथं!"

मी तिथेच उभी राहिले. अठरा मार्कांची माझी सगळी हुशारी त्या क्षणी गळून पडली.

पुढे जागा एकच होती, त्यांच्या शेजारी, तीही अर्धी. तिथे टेकत मी त्यांना दोनदा खराब झालेल्या नळ्यांचं आणि फुलचंदबाबांना तिसऱ्यांदा टोचल्याचं सांगितलं. मांडीवर डबा ठेवायला गेले तर तो समोरच्या दांड्यावर आपटायला लागला. तेव्हा प्रयागबाईंनी आपली टोपली खाली पायाशी ठेवली आणि डबा स्वतःच्या मांडीवर घेतला. खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरायच्या. वाटेतल्या मालेगावच्या अलीकडे गाडी अशी आदळली की टोपलीतून कच्च आवाज आला.

"मावशी, तुमची अंडी!"

"फुटू दे. कोंबडी उद्या आणिक देईन. त्या म्हाताऱ्याले पुन्हा कोन टोचन?"

मला रडूच आलं.

त्या दिवशी सगळ्या नळ्यांवर स्वच्छ पिवळं पाणी होतं. फुलचंदबाबांचं पोटॅशियम अगदी व्यवस्थित निघालं. पुढच्या मंगळवारी मी पवनदादांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे ना, चहा घे." इतकी चांगली माणसं मला कोणत्या पुण्याईने भेटली, कोण जाणे.

कॉलेजात प्लेसमेंटचा अहवाल दिला, तेव्हा गाईड सर आभाराच्या पानावर थांबले. मोहनसिंग सर, पवनदादा ही नावं त्यांना कळली. पण सगळ्यांत वर एक वेगळंच नाव होतं.

"या प्रयागबाई कोणत्या विभागाच्या?"

"मेडशीच्या, सर. अंडी विकतात. माझं प्लेसमेंट त्यांच्या मांडीवर वाचलं."